परदेशगमन आणि प्रायश्चित्त

(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. चिटणीसांनी "जर्मनीतील अनुभव मुलांना सांगा, त्यांना स्फूर्ती मिळेल," अशी आज्ञा केली, म्हणून उभा राहिलो आहे. स्फूर्ती मिळेल की नाही हे सांगता येत नाही. मात्र आजवर या व्यासपीठावरून न सांगितलेली एक गोष्ट आज सांगण्याचा माझा निश्चय आहे.

परदेशगमन आणि ज्ञाती यांचा संबंध जुना आहे. सन १८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीने सभा भरवून त्यांना बहिष्कृत केले. जो कोणी त्यांना साहाय्य करील किंवा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल, त्याला सव्वा रुपया दंड ठरला. १८९१ साली ते परत आले, तेव्हा नाशिकला गोदावरीत स्नान आणि राजकोटला ज्ञातिभोजन असे सोपस्कार झाले. आज काळ पालटला आहे. आता ज्ञाती दंड करीत नाही. शाल व श्रीफळ देते. मलाही ते २०१२ साली याच सभागृहात मिळाले. स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवी परीक्षेत मी वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो होतो आणि पुढील शिक्षणासाठी बर्लिनला निघालो होतो. संस्थेने बिनव्याजी कर्जाचा पहिला हप्ताही दिला होता.

सप्टेंबर अखेरच्या एका शनिवारी रात्री मी बर्लिनला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाजारहाटाला निघालो, तो सारी दुकाने बंद! रविवारी त्या देशात दुकानांना सुट्टी असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. बरोबर आणलेला चिवडा दुपारपर्यंत संपला. संध्याकाळी जिन्यात शेजारच्या वृद्ध बाई भेटल्या. माझा चेहरा आणि रिकामी पिशवी पाहून त्या काय ते समजल्या व बटाट्याचे सूप आणि अर्धा पाव घेऊन आल्या. मी कोण, कुठला, कोणाचा, हे त्यांनी विचारले, पण माझे जेवण झाल्यावर.

पुण्यात दोन वर्षे मी जर्मन भाषा शिकलो होतो. एका बाबतीत ती आपल्याला परकी वाटत नाही. आपण 'तेवीस' म्हणताना आधी तीन व मग वीस म्हणतो. जर्मन मनुष्यही 'तीन आणि वीस' असेच म्हणतो. पण वर्गातील जर्मन निराळी निघाली. पहिले व्याख्यान संपले आणि दोनशे विद्यार्थी एकदम बाके वाजवू लागले. आपल्याकडे बाके वाजू लागली की प्राध्यापकांची धडगत नसते. म्हणून मी घाबरून गुरुजींकडे पाहिले. ते हसत होते. बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकणे ही तेथील टाळ्यांची रीत आहे, हे मागाहून कळले.

उपस्थितीची नोंद नाही, चाचण्या नाहीत; सत्राच्या शेवटी एकच परीक्षा. या स्वातंत्र्याने मी फसलो. व्याख्यानातील निम्मे कळत नव्हते. पण शंका विचारावी तर आपले अज्ञान उघडे पडेल, ही भीती. प्राध्यापकांच्या साहाय्यकांनी शंकांसाठी दर आठवड्यास ठराविक वेळ राखून ठेवलेली असे. मी एकदाही गेलो नाही. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळे. खोलीत बसून मी सूत्रे पाठ करीत असे.

फेब्रुवारीत मृदायांत्रिकीची परीक्षा झाली. जर्मनीत १.० हा उत्तम गुण, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. निकालाच्या यादीत माझ्या क्रमांकापुढे ५.० होते. पुन्हा बसण्याची संधी दोनदा होती. तिन्ही प्रयत्न फसले तर त्या अभ्यासक्रमातून कायमचे नाव कमी होणार होते.

मी घरी काय सांगितले? "निकाल अजून लागलेला नाही." हेच मी तीन महिने सांगत राहिलो. आपल्या कर्जाच्या नियमावलीत 'सर्व विषयांत उत्तीर्ण झाल्याचे गुणपत्रक सादर केल्यावर दुसरा हप्ता देण्यात येईल' असे कलम आहे. ते कलम, वडिलांची जामीनकीची सही आणि अंगावरची ती शाल ही तिन्ही मला रात्री झोपू देत नव्हती. त्याच मे महिन्यात आपली स्मरणिका प्रसिद्ध झाली. तीत माझे छायाचित्र होते व खाली छापले होते : 'जर्मनीत उज्ज्वल यश संपादन करीत आहेत.' आईने ते वाक्य मला दूरध्वनीवर वाचून दाखवले. मी "हो" म्हणालो.

मित्रहो, त्या देशाची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. परीक्षा झाल्यावर ठरलेल्या दिवशी विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. मी खाली मान घालून गेलो. साहाय्यकांनी पाने उलटली. पाणी धरून ठेवणारी चिकणमाती भाराखाली हळूहळू कशी खचते, याचे सूत्र मी बिनचूक लिहिले होते. पण प्रश्न असा होता, की ज्या गृहीतकांवर ते सूत्र उभे आहे, ती दिलेल्या जमिनीस लागू पडतात काय? ती पडत नव्हती. साहाय्यकांनी मला विचारले, "समजेनासे कधीपासून झाले?" मी म्हणालो, "तिसऱ्या आठवड्यापासून." ते म्हणाले, "मग चौथ्या आठवड्यात यायला हवे होते." त्यांच्या स्वरात उपहास नव्हता. त्यांच्या दृष्टीने माझे अपयश ही माझ्या कुळाची वार्ता नव्हती. नेमके कोठे चुकले, हे शोधण्याचे ते एक साधन होते.

बर्लिनमध्ये जमिनीखाली दोन-तीन मीटरवर पाणी लागते. इमारतीचा पाया खणताना ते उपसून गुलाबी व निळ्या नळांतून रस्त्यावरून उघड्याने वाहून नेतात. एवढ्या टापटिपीच्या शहरात ते नळ कोणी लपवीत नाही, कारण खालचे पाणी उपसल्याशिवाय पाया बसत नाही. परतताना ते नळ पाहून मला प्रथमच माझी लाज वाटली. नापास झाल्याची नव्हे, लपवल्याची.

पुढच्या रविवारी मी त्याच शहराच्या डालेम भागात गेलो. तेथील मानवशास्त्र संस्थेत १९२८ ते १९३० या काळात इरावतीबाई कर्वे यांनी संशोधन केले. युरोपीय माणसांच्या कवट्यांत उजव्याडाव्या बाजूंची असमानता अधिक आढळेल, असे संस्थेच्या संचालकांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. परदेश, परभाषा, आणि पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध निघालेला निकाल! पण जे मोजले तेच त्यांनी लिहिले. पुढे नाझी राजवटीत त्या संस्थेने वंशद्वेषी धोरणाला शास्त्राचा आधार पुरवला. त्याची कबुली देणारा फलक १९८८ साली त्या इमारतीवर बसवण्यात आला. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगताना त्याचा वेगळा अर्थ उलगडण्याची गरज मला वाटत नाही.

त्या रात्री मी वडिलांना म्हणालो, "बाबा, मी नापास झालो आहे."

क्षणभर ते बोलले नाहीत. मग विचारले, "किती विषयांत?"

"एका."

"पुन्हा बसता येते ना?"

"येते."

"मग बस. जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन चिटणीसांना सांगितले. कलमाप्रमाणे दुसरा हप्ता मिळाला नाही. मी तक्रार करीत नाही. नियम तो नियम. वडिलांनी टपालखात्यातील ठेव मोडली. परदेशी विद्यार्थ्यास तेव्हा वर्षातून १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस काम करण्याची मुभा होती. त्यानुसार मी एका उपाहारगृहात भांडी घासली. दर आठवड्यास शंका घेऊन साहाय्यकांकडे गेलो. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा दिली व २.७ गुण मिळाले. चार सत्रांचा अभ्यासक्रम मी पाच सत्रांत पुरा केला. संस्थेचे कर्ज २०१८ साली फेडले.

ज्या गांधीजींपासून मी आरंभ केला, ते लंडनच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास झाले होते. ते त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या स्मरणिकांत मात्र मला गेल्या अनेक वर्षांत एकही नापास विद्यार्थी आढळला नाही. ते आपल्यात नाहीत असे नव्हे. ते आज या सभागृहात, कदाचित मागच्या रांगेत, बसलेले असतील. आता परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि खर्चही. जर्मनीच्या व्हिसासाठी बँकेत दाखवावयाची वर्षाची रक्कम २०२४ साली ११,९०४ युरो करण्यात आली. एवढे ओझे घेऊन गेलेल्या मुलाने खरे सांगितले, तर त्याचा हप्ता बंद होतो. खोटे सांगितले, तर त्याचे छायाचित्र छापले जाते. ही व्यवस्था आपणच केली आहे.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे, की ते कलम बदलावे. दुसऱ्या हप्त्यासाठी गुणपत्रक मागावे, पण पहिल्याच खेपेस उत्तीर्ण होण्याची अट घालू नये. नापास झालेल्याने पुढे काय करणार ते लिहून द्यावे, आणि त्या क्षेत्रातील एखाद्या सभासदाने महिन्यातून एकदा त्याची विचारपूस करावी. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.

पूर्वी परत आलेल्याला प्रायश्चित्त असे. माझे हे भाषण तेच समजावे. आणि यंदाच्या स्मरणिकेत एक शुद्धिपत्र छापावे, ही विनंती : २०१३ च्या स्मरणिकेत माझ्या छायाचित्राखाली 'उज्ज्वल यश संपादन करीत आहेत' याऐवजी 'एका विषयात अनुत्तीर्ण झाले असून पुन्हा परीक्षेस बसत आहेत' असे वाचावे.