‘फक्त काढाच!’
(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘घरगुती औषधे : करण्याच्या आणि घेण्याच्या रीती’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वैद्य नाही. कला शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर बातम्या आणि लेख यांत बुडालेला मी एक पत्रकार. मुळ्या आणि साली यांविषयी बोलण्याचा मला काय अधिकार? पण नंतर मनात आले, की या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती सांगण्याचा अधिकार तर मला निश्चितच आहे. म्हणून आपणापुढे उभा आहे.

२०२० चा एप्रिल महिना आठवा. टाळेबंदी होती, रस्ते ओस पडले होते आणि प्रत्येक घराच्या शेगडीवर काढ्याचे पातेले चढले होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्या काळात सूचना प्रसिद्ध केल्या. तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावा, असे त्यांत म्हटले होते. त्या आठवड्यात या काढ्यावर माझ्या सहीने एक चौकट छापून आली. तीत साहित्य सगळे होते. ‘एकदा किंवा दोनदा’ हे शब्द मात्र जागेअभावी गळले. कापणारा मीच होतो.

घरी तर मी त्याही पुढे गेलो. माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, रक्तदाबाची गोळी तिला कित्येक वर्षांपासून चालू होती. तिच्या काढ्यात मी माझ्या मनाने ज्येष्ठमधाची भर घातली. घशाला चांगला, शिवाय गोड. आई तक्रार न करता पिते, एवढेच माझे शास्त्र. मोजमाप नव्हते. मूठभर घालायचे, पातेलेभर उकळायचे आणि दिवसातून चार वेळा द्यायचे. असे दोन महिने चालले. ती माउलीही, ‘मुलगा एवढ्या प्रेमाने करतो’ म्हणून पीत राहिली.

जून महिन्यात तिच्या पावलांवर सूज दिसू लागली. पाटावरून उठताना मांड्यांत बळ उरेना. गोळी नियमित असूनही रक्तदाब चढताच. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर पोटॅशियम फार खाली गेलेले. त्यांनी विचारले, ‘‘गोळ्यांखेरीज घरी आणखी काय देता?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही. फक्त काढाच.’’ त्यांनी काढ्यातले जिन्नस एकेक करून विचारले. ज्येष्ठमधाचे नाव आले आणि त्यांचे लिहिणे थांबले. ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन नावाचे द्रव्य असते. ते अधिक प्रमाणात आणि दीर्घकाळ पोटात गेले, तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब वाढतो. काढा थांबवला, उपचार झाले आणि काही आठवड्यांत आई पूर्ववत झाली. पोटॅशियम आणखी उतरले असते तर हृदयाच्या ठोक्यांवर बेतले असते, हे मला नंतर कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बंधुभगिनींनो, माझा खरा अपराध ‘फक्त’ या शब्दात होता. औषध म्हणून मी काढा देत होतो आणि औषध म्हणून मोजत मात्र नव्हतो. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने आयुर्वेदाची केलेली ही अवहेलनाच नव्हे काय? ज्यात बरे करण्याची शक्ती आहे, त्यात बिघडवण्याची शक्ती नसेल कशी? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, ही गोष्ट स्वच्छ सांगितली आहे. रानातले गुराखी आणि मेंढपाळ वनस्पती नावाने व रूपाने ओळखतात, पण त्यांची योजना जाणणारा तो खरा जाणकार. आणि नीट न जाणलेले औषध विषासारखे, जाणलेले अमृतासारखे, असा त्याचा आशय. ‘वनस्पती आहे, अपाय काय करणार?’ हे वाक्य आमच्या ग्रंथांतले नव्हे. ते अलीकडच्या जाहिरातींचे आहे.

वस्तुत: आमची परंपरा मापाच्या बाबतीत किती काटेकोर होती, हे मी या प्रसंगानंतर वाचू लागलो. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच मूळ कल्पना चरकाने सांगितल्या. स्वरस सर्वांत तीव्र, फांट सर्वांत हलका. शार्ङ्गधरसंहितेत त्यांची प्रमाणे आहेत. काढ्यासाठी एक भाग द्रव्याची जाडसर भरड, सोळा भाग पाणी आणि मंद आचेवर आटवून आठवा भाग शिल्लक. म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिलिलिटर पाणी आणि हाती येतो तो २० मिलिलिटर काढा. अर्धी वाटीसुद्धा नाही! मी देत होतो ते पेलेभर. काढा उकळताना भांड्यावर झाकण नसते. तो ताजा करावा, त्याच दिवशी संपवावा, उरलेला दुसऱ्या दिवशी तापवून देऊ नये.

तुळस किंवा गवती चहा यांचा मात्र काढा करू नये. त्यांचा गुण सुगंधी तेलात असतो आणि उकळत ठेवले की तो वाफेबरोबर निघून जातो. घरभर सुवास सुटतो आणि पेल्यात पाणी उरते. अशा द्रव्यांचा फांट करायचा. चौपट कढत पाणी ओतायचे, झाकायचे आणि थोड्या वेळाने गाळायचे. धण्यांचा हिम करतात. कुटलेले धणे सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवायचे आणि सकाळी गाळून, खडीसाखर घालून घ्यायचे. उन्हाळ्यात याइतके सुखद दुसरे काही नाही. पाने, साल, मूळ, बी यांची जात वेगळी म्हणून रीत वेगळी. आम्ही सगळे एकाच पातेल्यात टाकून मोकळे होतो.

माझ्या आजीला शार्ङ्गधर ठाऊक नव्हता. पण बाळगुटी उगाळताना ती वेढे मोजत असे. मुरुडशेंगेचा एक, हळकुंडाचा एक, जायफळाचा अर्धाच, कारण मूल सुस्तावते. सहाणेवरचा तो वेढा म्हणजे तिचा तराजू. हात मोजत असताना मध्येच कोणी बोलले तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. (येथे तरुण मातांसाठी एक सांगितलेच पाहिजे. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाला काही देऊ नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते ऐकावे. आजीचा काटेकोरपणा घ्यावा, गुटी नको.)

आता थोडे आसव-अरिष्टांविषयी. माझी भाची अमेरिकेत असते. तेथे घरी टिंक्चर करण्याची हौस अनेकांना आहे, तिलाही लागली. काचेच्या बरणीत वाळलेली वनस्पती एक भाग आणि त्यावर मद्यार्क पाच भाग. चार ते सहा आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवायचे, अधूनमधून हलवायचे, गाळायचे आणि गडद रंगाच्या बाटलीत भरून थेंबांनी घ्यायचे. राळ आणि तेल पाण्यात उतरत नाहीत ती मद्यार्कात उतरतात आणि औषध वर्षानुवर्षे टिकते. तिने मला बाटलीचे छायाचित्र पाठवले. माझे लक्ष औषधाकडे गेलेच नाही, ते चिठ्ठीकडे गेले. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणता भाग, प्रमाण, मद्यार्काची टक्केवारी, भरल्याची तारीख, सगळे लिहिलेले. आमच्या फडताळातल्या डब्यांवर काय लिहिलेले असते? जुन्या बिस्किटांचे नाव!

हेच तत्त्व आमच्याकडे संधान म्हणून फार पूर्वीपासून आहे आणि ते अधिक सूक्ष्म आहे. मद्यार्क बाहेरून घालायचा नाही, औषधातच निर्माण होऊ द्यायचा. अरिष्टात काढा, आसवात बहुधा न उकळलेले द्रव्य. त्यात गूळ किंवा मध आणि सह्याद्रीच्या उतारांवर लाल फुलणारी धायटीची फुले. भांड्याचे तोंड बंद करून ते आंबू द्यायचे. तयार झाले की नाही, याची वैद्यांची परीक्षा मोठी सुंदर आहे. पेटती काडी भांड्यात धरायची. विझली तर आतला वायू अजून निघतो आहे. जळत राहिली तर संधान पुरे झाले. तयार आसवात मद्यार्क साधारण ५ ते १२ टक्के असतो. यकृताचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून दशमूलारिष्टातला मद्यार्क नाहीसा होत नाही.

आणि कृपा करून हे प्रयोग घरी करू नका. आंबवण आणि नासवण यांत अंतर थोडे असते. घरी मद्य गाळणे तर आपल्या राज्यात कायद्यानेच मना आहे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये मुळ्या भिजवण्याचा विचार तर मनातही आणू नये; ते विषारी केलेले असते, दृष्टी जाते आणि प्राणही. आसव वैद्यांच्या सल्ल्याने, परवाना असलेल्या कारखान्याचेच घ्यावे. घराच्या वाट्याला फांट, हिम आणि मोजका काढा आहे. तेवढे पुष्कळ आहे.

ओळख हा विषय राहिलाच. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. मोठा वाद झाला. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली होती काय, असे विचारले. २०२२ मध्ये मंत्रालयानेच सांगितले, की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल अपायकारक ठरू शकते. हा वाद आपण आपल्या अभिमानाचा प्रश्न करून ऐकला, असे मला वाटते. तो खरे तर ओळखीचा आणि नोंदीचा प्रश्न होता. टाळेबंदीत कुंपणावरची जी वेल हाताला लागली ती किती जणांनी उकळली असेल!

नोंदीचे महत्त्व आपण एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. हळदीने जखम भरते, यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ते आव्हान स्वीकारले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. तेथे ‘आमच्या घरोघरी हे ठाऊक आहे’ एवढे म्हणून भागले नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवावे लागले. त्या विजयाचे वृत्त मीही मोठ्या मथळ्याने दिले होते. घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला मात्र मला २०२० उजाडावे लागले.

आता आमच्या फडताळात एक वही आहे. कोणाला काय दिले, किती, किती दिवस, हे तीत लिहिले जाते आणि डॉक्टरांकडे जाताना ती सोबत असते. आईने आता ऐंशी ओलांडली आहे. ज्येष्ठमध घरात येत नाही. उन्हाळ्यात ती धण्यांचा हिम घेते, डॉक्टरांना विचारूनच, आणि पेला हातात देताना मला दरवेळी विचारते, ‘‘मोजलेस ना रे?’’

बाहेरच्या मेजावर मी गुळवेलीच्या खोडाचे काही तुकडे ठेवले आहेत. जाताना हाताळून पाहा. खोड हिरवट आहे, त्यावर फोडांसारखे उंचवटे नाहीत. आडवा छेद घेतला की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते; तिचे ‘चक्रलक्षणिका’ हे संस्कृत नाव त्यावरूनच पडले. शेजारी सहाण आणि हळकुंडही आहे. वेढा कसा मोजतात, हे पाहायचे असेल, तर माझी आई तेथे बसली आहे.