पात्र स्वतः गाऊ लागले तेव्हा

१८८० साली पुण्यास एका पारशी मंडळीने ‘इंद्रसभा’ लाविली. प्रेक्षकांत अण्णासाहेब किर्लोस्कर होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे पात्रांची पदे सूत्रधारच म्हणे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. येथे मात्र परी आपली पदे स्वतःच गात होती! अण्णासाहेब केवळ झगमगाटास भुलते, तर मराठीस एक नक्कल तेवढी लाभती. त्यांनी उचलिले ते गाणारे पात्र. कथा घेतली कालिदासाची, साकी नि दिंडी मात्र घरचीच. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. चौथ्यात शकुंतला सासरी निघते. कन्येस निरोप देण्यास या खेपेस कण्वास सूत्रधाराचा गळा उसना घ्यावा लागला नाही.