बालवाडीतील रोजनिशी



रोजनिशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वकिलाची किंवा व्यापाऱ्याची बांधीव वही येते. अक्षरओळखही नसलेल्या पाच वर्षांच्या मुलाने रोजनिशी ठेवावी, असे आम्ही म्हटले तर आपणांपैकी काही जण हसतील. आणि ते हसणे अगदीच अकारण आहे असेही नाही. म्हणून आरंभीच सांगतो की, येथे लिहिणे म्हणजे अक्षर काढणे नव्हे. आपण आज जे बोललो ते कागदावर राहिले आणि उद्या तेथेच पुन्हा सापडले, हा अनुभव मुलाला रोज यावा, एवढाच आमचा हेतू.

गंगाखेडात तरी हे पटण्यास अवघड जाऊ नये. हे जनाबाईंचे गाव. पिढ्यानपिढ्या जात्यावर बसून ज्या बायाबापड्यांनी ओव्या रचल्या, त्यांतल्या बहुतेकींनी पाटी कधी हाती धरलेली नव्हती. सांगण्यासारखे काही असणे ही एक गोष्ट आणि ते लिहिता येणे ही दुसरी. आपल्या शाळा दुसरीपासून आरंभ करतात आणि पहिलीची चौकशीच करीत नाहीत. मूल वर्षभर ‘अ’ गिरवते, पण त्या ‘अ’ने आपल्याला काय सांगता येईल, हे त्याला ठाऊक नसते.

आता प्रत्यक्ष रीत. चाळीसपानी कोरी वही घ्यावी, रेघा नसलेली. प्रार्थना झाली की पंधरा मिनिटे सर्व मुलांनी चित्र काढावे. विषय देऊ नये. मग ताईंनी मुलाजवळ बसावे, ‘हे काय रे?’ असे विचारावे आणि ते जे सांगेल ते चित्राखाली, त्याच्या देखत, बोलत बोलत लिहावे. वर तारीख घालावी. पंचवीस मुलांचे रोज लिहून घेणे एका बाईच्या हातून होणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून चित्र सर्वांचे रोज, लेखन रोज पाचजणांचे; पाच दिवसांत सर्वांची पाळी येते. दुसऱ्या दिवशी कालचे पान उघडून मुलाला ‘वाचू’ द्यावे. ते पाठच म्हणेल, म्हणू द्यावे. काही महिन्यांनी ते ताईंच्या ओळीखाली वेड्यावाकड्या रेघांची आगगाडी काढू लागते आणि ‘हे म्या लिव्हलं’ म्हणून दाखवते. ही आगगाडी म्हणजे खऱ्या लेखनाचा पहिला डबा होय.

आता सर्वांत नाजूक मुद्दा भाषेचा. मुलाने सांगितले, ‘मह्या मायनं भाकर केली.’ ताईंचा हात आपोआप ‘माझ्या आईने’ लिहू लागतो. येथे हात आवरलाच पाहिजे. मूल ती ओळ दुसऱ्या दिवशी म्हणणार ते आपल्या शब्दांत. कागदावर दुसरेच असेल तर बोलणे आणि अक्षर यांचा सांधा जुळायचा कसा? शिवाय, आईचे बोलणे वहीत बसण्याजोगे नाही, असा धडा पाचव्या वर्षी मिळाला की मूल पुढे बोलतच नाही. प्रमाण मराठी त्याला शिकवायची आहेच. पण ती गोष्टींतून, गाण्यांतून यावी, खाडाखोडीतून नव्हे. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिका माओरी मुलांना रोज त्यांचाच एक आवडता शब्द कागदावर लिहून देत. त्यांचे पुस्तक 1963 साली निघाले. मुलाच्या जिवाभावाचा शब्द त्याला चटकन ओळखता येतो, हा त्यांचा अनुभव होता.

हीच दृष्टी आपल्याकडेही होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पाने, बिया हीच तेथली साधने. ‘अंगणवाडी’ हे नाव 1975 नंतर देशभर गेले. पण मुलाच्या अंगणातले बोलणे त्याबरोबर किती गेले, याबद्दल आम्हांला शंका आहे.

मूल स्वतः लिहू लागले की ‘माय’चे ‘मय’ होईल, वेलांटी अक्षराच्या भलत्या अंगाला जाईल. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे बसते. मूल येथे अडखळले तर त्यात नवल ते काय? चूक पाटीवर समजावावी. वहीत लाल शाई नको. पालक विचारतील, ‘एवढी फी भरतो, मग वहीत चुका कशा?’ त्यांना श्रावणातले पान आणि माघातले पान शेजारी ठेवून दाखवावे. दुसरे उत्तर लागत नाही.

राहिला प्रश्न टोळ्यांचा. या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुलांची सवय ऐन भरात तुटते. वही बालवाडीच्या कपाटात राहिली तर ती तेथेच संपली. म्हणून ती मुलाबरोबर गेली पाहिजे, सोबत रंगीत खडू. कोपीवर लिहून घेणारे कोणी नसेल. चित्रे तरी होतील. मूल परतले की ताईंनी एकेक पान उलटीत ‘हे काय रे?’ विचारावे आणि तेव्हा लिहून घ्यावे. सध्या टोळ्या परतल्या आहेत. यंदा निघताना प्रत्येक लेकराच्या पिशवीत वही व खडू असावेत, एवढा खर्च या सभेतील मंडळींनी उचलावा, अशी आमची विनंती आहे. वह्या दसऱ्याआधी मिळाल्या पाहिजेत. त्यानंतर गाड्या निघू लागतात.