मनाची विचारपूस, आपल्या भाषेत

आपल्या भंडारा जिल्ह्यात मराठी, झाडीबोली, हिंदीसोबत उर्दू बोलणारी कुटुंबंही नांदतात. या उर्दू बोलणाऱ्यांपैकी कुणाला व्यक्तिमत्त्व विकार आहे का, हे तपासायचं, तर प्रश्न कसे विचारावेत?

एक प्रश्न बघा: ‘मोठे निर्णय तुम्ही इतरांना विचारूनच घेता का?’ लग्न ठरवताना अब्बांना, अम्मींना विचारणं ही घरची रीत आहे. तो परावलंबी स्वभाव नव्हे. म्हणून नुसतं भाषांतर पुरत नाही. प्रश्न उर्दूत आणायचा, दुसऱ्या जाणकाराकडून मूळ भाषेत परत न्यायचा, अर्थ जुळतो का ते बघायचं. मग उर्दू बोलणाऱ्या माणसांमध्येच तो पारखून घ्यायचा.

अशाच पारखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं व्यक्तिमत्त्व विकार ओळखणारी मुलाखत 11 देशांत तपासून पाहिली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 716 रुग्ण होते. भारतातलं केंद्र बंगळुरूला होतं.

श्रोतेहो, अशा प्रश्नांतून मिळालेल्या गुणांच्या बेरजेवरून कुणावरही शिक्का मारू नका. निदान तज्ज्ञांनीच करायचं असतं. मन जड झालं, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर केव्हाही बोला.