भीतीवर उपचार : पायरीपायरीने



कुत्रा, अंधार, उंची, वर्गात उभे राहून बोलणे, अशा कशाची तरी भीती प्रत्येकाला वाटते. परंतु ती धोक्याच्या मानाने फार मोठी असेल, महिनोन्महिने टिकत असेल आणि तिच्यापायी मूल शाळाच टाळू लागले असेल, तर त्या भीतीला मानसशास्त्रात ‘फोबिया’ म्हणतात. हा आजार आहे, भित्रेपणा नव्हे. रागावल्याने किंवा हसण्याने तो जात नाही.

वर्तनोपचाराचे म्हणणे असे, की नव्या अनुभवाने भीती ओसरू शकते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी दूर ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. १९५८ साली डॉ. जोसेफ वोल्पे यांच्या ग्रंथाने या मार्गाला पद्धतशीर रूप दिले.

भीती टिकते कशी? मूल रडले, आपण त्याला घरी नेले, त्याला हायसे वाटले. त्या सुटकेनेच टाळण्याची सवय पक्की होते. उलट, बळेच ढकलल्यास विश्वास जातो. मधला मार्ग पायऱ्यांचा. वर्गात बोलायला घाबरणाऱ्या मुलीने आधी घरी बहिणीसमोर धडा वाचावा, मग एकट्या बाईंसमोर, मग बाकावर बसून एक ओळ आणि शेवटी उभे राहून. एका पायरीवर भीती उतरल्यावरच पुढची पायरी घ्यावी. प्रत्येक पायरीला शाबासकी द्यावी.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. रक्त पाहून ज्यांना भोवळ येते, त्यांचा रक्तदाब उतरतो. त्यांना अंग सैल सोडण्याऐवजी हातापायांचे स्नायू आवळायला शिकवतात. म्हणून भीती तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा मानू नये.

गळती म्हटली की आपण गरिबीचा विचार करतो, आणि तो योग्यच आहे. पण मागच्या बाकावर गप्प बसलेले एखादे मूल केवळ भीतीपायी शाळा सोडून जाते, आणि आपण त्याला ‘अभ्यासात मन नाही’ म्हणून मोकळे होतो. अशा मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी करण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा, ‘बाळ, तुला कशाची भीती वाटते?’