तापणारे एंजिन

बडोद्याच्या दांडिया बाजारात सकाळच्या गर्दीत भरलेला छोटा टेंपो मुंगीच्या पावलाने सरकू लागला, की उष्णतेचा काटा वर चढतो. तोच टेंपो महामार्गाला लागला, की काटा उतरतो. चालक पाणी ओतून पुढे जातो. वस्तुतः निदान या लक्षणातच आहे. धावत्या गाडीचा रेडिएटर समोरच्या वाऱ्याने निवतो. गर्दीत ते काम एकट्या पंख्यावर पडते. तेव्हा आधी पंखा पाहावा: त्याचा पट्टा सैल आहे काय, विजेचा असल्यास फ्यूज शाबूत आहे काय.

याउलट, चढावर वा वेगात तापणाऱ्या गाडीत संशय रेडिएटरचा, पंपाचा किंवा थर्मोस्टॅटचा. क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पुटे चढतात. मग ओतलेले पाणी फिरणार कोठून? थर्मोस्टॅटच काढून फेकण्याचा तोडगा पुष्कळांना आवडतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्या नगरीत कलाभवन उघडले, तेथे तरी तो शोभत नाही. त्याने एंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अधिक जळते आणि मूळ दोष तसाच राहतो.

तापल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण फिरताच दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते. बाहेर गळती नसताना पाणी घटत असेल आणि एंजिनचे तेल दुधाळ झाले असेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. अशी गाडी ओढूनच कारखान्यात न्यावी.