बापलेकांची पहिली गाडी



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. २०२१ साली या गावाचे नाव एका निराळ्या कारणाने सर्वतोमुखी झाले. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने आपल्या मुलाची मोटारीची हौस पुरविण्यासाठी भंगारातील सुटे भाग जमवून एक लहानशी चारचाकी गाडी स्वतःच्या हातांनी घडविली. शालेय शिक्षण बेताचे, पण हात लोखंडाला सरावलेला. गाडी सुरू करावयाची ती दुचाकीप्रमाणे किक मारून. खर्च सुमारे ६०,००० रुपये. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात या कामाची जाहीर प्रशंसा केली आणि २०२२ च्या जानेवारीत त्या गाडीच्या मोबदल्यात लोहार कुटुंबास बोलेरो गाडी दिली. मात्र घरी केलेली गाडी नियमांत बसत नसल्याने तिला रस्त्यावर अटकाव होणार, हेही त्यांनी त्याच वेळी सांगून टाकले होते.

या हकिकतीतील प्रशंसा सर्वांच्या ध्यानात राहिली. सूचना मात्र पुष्कळांच्या ध्यानातून गेली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शिक्षकांस विचार करावयाचा आहे तो या दोहोंचा एकत्र. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव येथे गॅरेजे आणि वेल्डिंगची दुकाने आहेत. त्यांत काम करणाऱ्यांची मुले प्राथमिक शाळेत येतात. अशा एखाद्या मुलाने वा मुलीने उद्या वर्गात येऊन, "गुरुजी, मी आणि बाबा गाडी करणार आहोत," असे सांगितले, तर शिक्षकाने काय म्हणावे? "आधी पाढे पाठ कर," असे म्हणणे सोपे आहे. पण ते योग्य नव्हे. कारण त्या गाडीतच पाढे आहेत.

अशी गाडी करण्याचा छंद जगात नवा नाही. अमेरिकेत जुन्या मोटारीचे मडगार्ड, छप्पर इत्यादी अनावश्यक भार उतरवून, इंजिन सुधारून जी वेगवान गाडी करतात, तिला 'हॉट रॉड' म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या अशा तऱ्हेने तयार करून कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर पळवीत. पुढे रस्त्यांवरही शर्यती होऊ लागल्या, तेव्हा त्यांना नियमांच्या चौकटीत आणण्यासाठी १९५१ मध्ये एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मुलांसाठी मात्र त्या देशाने वेगळी वाट काढली होती. ओहायो राज्यातील डेटन शहरी १९३४ साली मुलांनी स्वतः बनविलेल्या बिनइंजिनाच्या गाड्यांची राष्ट्रीय शर्यत झाली; १९३५ पासून ती अ‍ॅक्रन शहरी होऊ लागली. गाडी उतारावरून केवळ आपल्या भाराने धावावयाची. पहिली गाडी बिनइंजिनाची असावी, हा त्यातील बोध आपल्याही उपयोगाचा आहे.

आपल्या मुलांना हा विषय परका मुळीच नाही. लाकडी फळीला जुनी बेअरिंगे लावून केलेली गाडी उतारावरून सोडणे, हा खेळ खेड्यापाड्यांतील मुले आपापल्या अकलेने खेळत आली आहेत. शर्यतीचा गाडा मालवाहू बैलगाडीहून हलका का असतो, हे या दोन तालुक्यांतील मुलास कोणी शिकवावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयाने थांबलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त अनुमतीने पुन्हा सुरू झाल्या व मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. ह्या मुलाला घाट ठाऊक आहे, गाडा ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एवढेच की, त्या ज्ञानाला शाळेत किंमत आहे.

तेव्हा गाडीची आखणी कशी व्हावी, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे हेतू ठरविणे. गाडी कोणासाठी, कोठे चालवावयाची, किती भार वाहावयाची, हे बापलेकांनी वहीत लिहून काढावे. पुष्कळदा घडते ते उलटे. भंगारात एखादे इंजिन स्वस्तात मिळते, मग त्याभोवती गाडी उभारण्याची घाई होते, आणि ब्रेकचा विचार सर्वांत शेवटी येतो. इंजिन मिळाले म्हणजे गाडी झाली, ही समजूत या कामातील सर्वांत घातक चूक होय.

दुसरी गोष्ट, आराखडा. कागदावर प्रमाणात चित्र काढावे: १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील १० सेंटिमीटर. मग तेच चित्र खळ्यावर फक्कीने पूर्ण आकारात आखावे आणि मुलास त्यात बसवून पाहावे. पाय कोठे पोहोचतात, हात कोठे, हे कागदापेक्षा जमीन अधिक खरे सांगते. खर्चाचे टिपण मुलाने ठेवावे. बापाने रक्कम सांगावी, मुलाने मांडावी, बेरीज दोघांनी पडताळावी.

तिसरी गोष्ट, चाके व वळण. सायकलची चाके हलकी म्हणून पुष्कळजण तीच घेतात. परंतु सायकल वळताना स्वतः कलते, म्हणून तिच्या आऱ्यांवर आडवा भार फारसा येत नाही. चार चाकांची गाडी कलत नाही. भरधाव वळताना तिच्या चाकांवर आडवा ताण येतो व सायकलचे चाक वाकू शकते. पहिल्या गाडीला लहान व जाड चाके बरी. वळणाचे गणित मुलास दोरी व खुंटीने दाखवावे. एकाच खुंटीभोवती साडेतीन मीटर आणि ४ मीटर २० सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे आखली, तर आतल्याचा परीघ २२ मीटर आणि बाहेरच्याचा २६ मीटर ४० सेंटिमीटर येतो. म्हणजे एका पूर्ण वळणात बाहेरच्या चाकाने ४ मीटर ४० सेंटिमीटर अधिक चालावयाचे. दोन्ही चाके एकाच फिरत्या दांड्याला घट्ट बसविली, तर त्यांतील एकाला घसटावेच लागेल. मोटारीत यासाठी डिफरन्शियल असते. आपल्या बैलगाडीत आस स्थिर असतो आणि प्रत्येक चाक आपापले सुटे फिरते, म्हणून तिला ही अडचण येत नाही. आजोबांच्या गाडीतील हे शहाणपण नातवास या वेळी प्रथमच दिसेल.

चौथी गोष्ट, थांबणे. इंजिनाचा विचार होण्यापूर्वी ब्रेक पुरा झाला पाहिजे. बिनइंजिनाची गाडी मोठ्या माणसाने हलक्या उतारावर चालवून, ठरलेल्या रेषेपाशी ब्रेक दाबून, ती किती अंतरात थांबते ते मोजावे. असे दहा वेळा करून सरासरी काढावी. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर दोन्हीकडील ब्रेक सारखे लागत नाहीत असे समजावे. ताशी १८ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास ५ मीटर. संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी ५ मीटर पुढे गेलेलीच असते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे एक वाक्य ज्या मुलाने स्वतः मोजून अनुभवले, तो पुढे आयुष्यात रस्त्यावर अधिक जपून चालेल.

पाचवी गोष्ट, वेगाचे गणित. पुढचे स्प्रॉकेट १४ दात्यांचे, मागचे ४२ दात्यांचे असेल, तर पुढचे तीनदा फिरते तेव्हा मागचे एकदा फिरते. पुढचे मिनिटास ६०० फेरे करीत असेल, तर चाकाचे २०० फेरे होतील. चाकाचा व्यास ४२ सेंटिमीटर, म्हणजे परीघ १३२ सेंटिमीटर. तेव्हा मिनिटास २६४ मीटर, ताशी १५ किलोमीटर ८४० मीटर. गुणाकार, भागाकार, परीघ, एकके असा सगळा अभ्यासक्रम या एका चेनवर चढलेला आहे.

कामाची वाटणी करताना वेल्डिंग बापाने करावे. मुलाने त्या प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपावर वेल्डिंग केल्यास अपायकारक धूर निघतो. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंग लावू नये. आतील वाफ पेट घेते. मोजणे, खुणा करणे, घासणे, बोल्ट आवळणे, वंगण घालणे ही कामे मुलाची. आणि मुलगा असो वा मुलगी, पाना तिच्याही हातात यावा.

आता कायद्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी मोटार चालविता येत नाही. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांस फक्त ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीपुरती परवान्यानिशी मुभा आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून घरची गाडी आपल्या शेतात, खळ्यावर वा माळावर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आणि डोक्यास हेल्मेट घालूनच चालावी. पुणे-नाशिक महामार्ग नारायणगाव, मंचर या गावांच्या अंगणातूनच जातो. त्या रस्त्यावर मुलाची गाडी जाणार नाही, हे पालकाकडून शिक्षकाने प्रथम कबूल करून घ्यावे, आणि मगच बाकीचे बोलावे.

यात शिक्षकाचे काम काय? १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार महात्मा गांधींनी राष्ट्रापुढे ठेवला, तो प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. पुष्कळ ठिकाणी त्याचे पर्यवसान वर्षाखेरीच्या प्रदर्शनात झाले. ज्या घरी खरोखरच लोखंड तापते, त्या घरचे मूल मात्र शाळेत येताना काळे झालेले हात पाठीमागे लपविते. ते हात पुढे यावेत, एवढेच शिक्षकास करावयाचे आहे. त्या मुलाची वही वर्गात वाचून दाखवावी. त्याने काढलेला परीघ फळ्यावर सोडवून घ्यावा. त्याच्या वडिलांना एके दिवशी शाळेत बोलावून, धाव तापवून चाकावर का चढवितात आणि निवाल्यावर ती का आवळते, हे सर्व मुलांस सांगण्याची विनंती करावी. ज्यांना लिहिता येत नाही अशा वडिलांनाही हे सांगता येते. आणि आपल्या बापाला शाळेत मान मिळालेला पाहणे, ही त्या मुलाच्या शिक्षणातील लहान गोष्ट नव्हे.

गाडी कदाचित पुरी होणार नाही. पैसे संपतील, पाऊस लागेल, पेरणी येईल. तरीही आराखड्याची वही मुलाजवळ राहील. त्या वहीत बापाने सांगितलेले आणि मुलाने लिहिलेले असे दोघांचे ज्ञान एका पानावर आलेले असेल. असे पान ज्या शाळेत तपासले जाईल, ज्यावर शिक्षकाची तांबडी खूण व "छान, पुढे मोजा" एवढी तीन शब्दांची शाबासकी व सूचना पडेल, त्या शाळेतून ते मूल सहसा गळणार नाही.